हाली नोटांवरच्या सह्या

आमच्या धाराशिव जिल्ह्यात लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर काही घरांतून एक असा रुपया मांडला जातो, की जो आज कुठल्याही दुकानात चालत नाही. त्याच्या एका बाजूस चारमिनार कोरलेला असतो. रुपया नीट उजेडात धरला, तर मधल्या कमानीत एक बारीकसे फारसी अक्षर दिसते. ते 'मीम' असेल तर रुपया सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळचा, आणि 'ऐन' असेल तर सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळचा. घरातली वडील माणसे याला 'हाली रुपया' म्हणतात. हाली म्हणजे चालू, सध्याचा. चालणे बंद होऊन सत्तर वर्षे लोटली, तरी नाव चालूच आहे!

परंतु मला आज सांगायचे आहे ते या रुपयाविषयी नव्हे, त्याच्या कागदी भावंडाविषयी. चांदी टिकते, म्हणून तिला पूजेत जागा मिळाली. नोट मात्र उंदरांनी खाल्ली, वाळवीने खाल्ली, चुलीत गेली. जी उरली ती पोथ्यांच्या पुठ्ठ्यांत, बटव्यांत, पत्र्याच्या पेट्यांच्या तळाशी राहिली. गेली पंधरा वर्षे मी या नोटा जमवीत आहे. मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शाळेत मुलांना शिकविणारा आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिणारा एक मास्तर आहे. पण एवढे खात्रीने सांगतो, की मराठवाड्याच्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास या नोटांच्या एका कोपऱ्यात लिहिलेला आहे. तो कोपरा म्हणजे सहीचा.

आधी हाली आणि कलदार यांचा संसार समजून घेतला पाहिजे. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार, निजामी मुलखातला तो हाली. आमचा जिल्हा अगदी सरहद्दीवरचा. इकडे परंडा, भूम, तुळजापूर निजामाचे, आणि दोन-चार कोसांवर बार्शी, सोलापूर इंग्रजांचे. मधे करोडगिरीचा नाका. बार्शी लाइटची छोटी गाडी १८९७ साली सुरू झाली आणि पुढे येडशी, तडवळे, ढोकी असे करीत १९११ साली लातूरला पोहोचली. त्या गाडीत बसलेला शेतकरी एकाच दिवसात दोन राज्ये आणि दोन चलने पाहून येई. तुळजाभवानीच्या दर्शनाला येणाऱ्या सोलापूरकडच्या भक्ताच्या कनवटीला कलदार असे. इकडच्या फुलवाल्याला, पुजाऱ्याला, धर्मशाळेतल्या वाण्याला हाली हवी असे. या दोघांच्या मधे सराफ बसलेला. त्याची गादी लहान, पण पोट मोठे.

दर सरकारने ठरविलेला होता. शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. वाचताना डोके गरगरते, पण त्रैराशिक मांडले तर हिशेब सोपा आहे. सहा कलदार म्हणजे सात हाली. हा दर कुणा दिवाणाच्या मर्जीतून आलेला नाही. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि त्यात हजारी ८१८ भाग चांदी. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी हजारी ९१७ भाग. गुणाकार करून पाहा. सात हालींतही सुमारे ६४ ग्रॅम चांदी आणि सहा कलदारांतही सुमारे ६४ ग्रॅमच. माझ्या वर्गातल्या मुलांना हे गणित घातले की ती खूष होतात. पण ज्याला हा गुणाकार येत नव्हता त्या शेतकऱ्याची गोष्ट खूष होण्यासारखी नाही. समजा, त्याने बार्शीच्या बाजारात ज्वारी विकली आणि साठ कलदार मिळाले. गावी शेतसारा भरायचा तो हालीत. हिशेबाने त्याला सत्तर हाली मिळायला हव्यात. सराफ त्याच्या हातावर अडुसष्ट ठेवी. दोन रुपयांचा बट्टा कुठे गेला, हे विचारण्याइतके अक्षर त्याच्याजवळ नसे.

अशा या चांदीच्या व्यवहारात कागद आला तो १९१८ साली. निजाम सरकारच्या मनात नोटा काढण्याचे पुष्कळ आधीपासून होते. पण संस्थानिकांनी नोटा छापाव्यात हे इंग्रजांस रुचत नव्हते. नाणे पाडणे हा राजाचा जुना मान, तो काढून घेणे अवघड. पण नोट म्हणजे वचन; आणि वचन देण्याचा मक्ता आपल्याकडे असावा, असा इंग्रजांचा आग्रह. पहिल्या महायुद्धाने हा आग्रह सैल केला. चांदीचा तुटवडा जगभर पडला. शिवाय हैदराबादेने युद्धात इंग्रजांस भरघोस मदत केलेली होती. १९१८ साली हैदराबादचा चलनाचा कायदा झाला आणि दहा व शंभर रुपयांच्या नोटा निघाल्या. पाठोपाठ १९१९ साली एक आणि पाच रुपयांच्या आल्या, आणि १९२६ साली हजाराची. या चलनाचे नाव 'उस्मानिया सिक्का'. छपाई झाली ती विलायतेत, वॉटरलो आणि सन्स या कंपनीकडे. पुढे नाशिकचा सरकारी छापखाना उभा राहिल्यावर या नोटाही तिथे छापल्या जाऊ लागल्या. निजामाच्या नोटा अशा रीतीने काही वर्षे गोदाकाठी, मराठी मुलखात जन्मल्या.

ही नोट हातात घेतली तर प्रथम काय दिसते? राजाचे चित्र नाही. इंग्रजांच्या नोटेवर बादशहाचा मुखडा असे. निजामाने आपला चेहरा कागदावर घातला नाही. मुख्य मजकूर उर्दूत, आणि त्याच्या जोडीला इंग्रजी, मराठी, तेलुगू आणि कानडी. साल फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. १३२९ फसली म्हणजे १९१९-२०. जमिनीची जुनी कागदपत्रे वाचणाऱ्याला हा हिशेब आजही करावा लागतो. मला मात्र या नोटेवरच्या मराठी अक्षरांपाशी नेहमी थबकायला होते. त्याच १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, आणि तिथल्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे ते मोठे धाडस, हे मान्यच केले पाहिजे. परंतु आमच्या भागातल्या मराठी मुलाची ती भाषा नव्हती. राज्याच्या कचेरीत मराठीला बसायला पाट नव्हता, विद्यापीठात नव्हता. नोटेवर मात्र होता. कारण उघड आहे. हुकूम कळला नाही तरी राज्याचे अडत नाही, पण नोट ओळखता आली नाही तर बाजार अडतो.

आता सहीकडे वळू. नोटेवर सही असे ती अर्थखाते सांभाळणाऱ्याची. सुरुवातीच्या नोटांवर सही आहे ग्लान्सी साहेबांची. रेजिनाल्ड ग्लान्सी हे इंग्रज सनदी अधिकारी, १९११ ते १९२१ निजामाच्या तिजोरीचे कारभारी. राज्य निजामाचे, नाव उस्मानचे, भाषा पाच, आणि वचनाखाली सही इंग्रजाची! निजामी स्वातंत्र्य किती खोल होते, हे सांगायला पुस्तक लिहावे लागत नाही. ही एक सही पुरते. त्यांच्यामागून आले सर अकबर हैदरी, म्हणजेच नवाब हैदर नवाज जंग. मुंबईत जन्मलेले, हिंदुस्थान सरकारच्या हिशेब खात्यात वाढलेले. १९२१ पासून १९३७ पर्यंत तिजोरी त्यांच्या हाती होती आणि पुढे ते संस्थानचे पंतप्रधान झाले. त्यांच्या काळच्या नोटा अजून सापडतात.

सहीची किंमत काय असते, हे सांगणारी एक विलक्षण हकिगत याच काळातली आहे. १९ मे १९२२ रोजी 'इजिप्त' नावाची आगबोट इंग्लंडहून मुंबईस निघाली. बोटीत दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी होते, आणि निजामासाठी छापलेल्या कोऱ्या नोटांच्या पेट्याही होत्या. दुसऱ्याच दिवशी, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, दाट धुक्यात 'सीन' नावाच्या फ्रेंच बोटीशी टक्कर होऊन 'इजिप्त' बुडाली. कित्येक माणसे गेली. खजिना चारशे फूट खोल पाण्यात. दहा वर्षांनी, १९३२ साली, 'आर्टिग्लिओ' या इटालियन बोटीवरच्या पाणबुड्यांनी तो वर काढला. सोन्याच्या विटांबरोबर वर आल्या निजामाच्या नोटा. दहा वर्षे समुद्राच्या तळाशी राहूनही त्यांवरची अक्षरे शाबूत! पण त्यांवर अर्थमंत्र्यांची सही झालेली नव्हती. म्हणून त्या नोटा नव्हत्याच. नुसता रंगीत कागद. नंतर त्यांतल्या काहींवर 'अमुक बोटीतून, इतक्या खोलीवरून काढलेली' असा मजकूर छापून त्या आठवण म्हणून लोकांच्या हाती गेल्या. आज जगभरचे संग्राहक त्यांसाठी भारी किंमत मोजतात. ज्या कागदाला सहीवाचून एक पै मिळाली नसती, तो सही नाही म्हणूनच महाग झाला. माझ्या मास्तरकीच्या पगारात ती नोट येणे नाही. पण तिची हकिगत फुकट मिळते, आणि तीच अधिक मोलाची आहे.

पुढच्या सह्या वाचताना मन अस्वस्थ होऊ लागते. चाळिशीतल्या नोटांवर गुलाम मोहंमद यांची सही आहे. हे गृहस्थ पुढे १९४७ साली पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि १९५१ साली तिथले गव्हर्नर जनरल झाले. दुसरी सही जाहिद हुसेन यांची. हे १९४८ साली पाकिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे पहिले गव्हर्नर झाले. म्हणजे आमच्या उमरग्याच्या, कळंबच्या बाजारात जी नोट शेंगा-तुरीच्या मोबदल्यात हातोहात फिरत होती, तिच्यावर सही करणारे दोन हात पुढे कराचीत एका नव्या देशाचा खजिना उभारण्यास गेले. नोट हाताळणाऱ्या कुणब्याला याची काय दाद? त्याला एवढेच ठाऊक, की कागद खरा आहे आणि दुकानदार तो घेतो.

मग १९४७ साल आले. देश स्वतंत्र झाला, आम्ही झालो नाही. २९ नोव्हेंबरला निजामाने भारत सरकारशी 'जैसे थे' करार केला, आणि महिनाही उलटला नाही तो वटहुकूम काढून भारतीय रुपया हैदराबादेत बेकायदा ठरविला. सरहद्दीवरच्या माणसालाच या हुकुमाचा अर्थ कळेल. बार्शीच्या बाजारातून येणाऱ्याच्या खिशातला रुपया काल फक्त बट्ट्याला महाग होता, आज तो गुन्हा झाला. ज्या राज्याला शेजारच्या नाण्याची भीती वाटते, त्याचे दिवस भरलेले असतात. १९४८ च्या ३० जानेवारीला, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, नांदेडकडे उमरी येथे स्वातंत्र्यसैनिकांनी हैदराबाद स्टेट बँकेवर हल्ला करून लाखोंची रक्कम लढ्यासाठी नेली. सही निजामाच्या मंत्र्याची, आणि पैसा निजामाविरुद्धच्या लढ्याला! नोटेला पक्ष नसतो, हेच खरे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय फौज सोलापूरच्या बाजूने आली ती आमच्याच जिल्ह्यातून. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल तिने पहिल्याच दिवशी शाबूत ताब्यात घेतला. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. आणि २० सप्टेंबरला, म्हणजे राज्य संपल्यावर, लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतले निजामाचे १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग पाकिस्तानच्या हायकमिशनरांच्या खात्यात वळते करण्यात आले. हा हुकूम निजामाचे अर्थमंत्री मोईन नवाज जंग यांच्या कारकिर्दीतला. निजामाने ते पैसे परत मागितले, खटला झाला, आणि ती रक्कम सत्तर वर्षे बँकेत अडकून पडली. विलायतेच्या न्यायालयाने निकाल दिला तो २ ऑक्टोबर २०१९ रोजी, भारताच्या आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने; तोवर रक्कम वाढून साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. राज्य गेल्यावर केलेल्या सहीचा घोळ मिटवायला तीन पिढ्या लागल्या.

याच दिवसांतली एक गोष्ट दिवाळीच्या अंकात सांगू नये असे वाटते, पण ती टाळून नोटांची गोष्ट पुरी होत नाही. रझाकारांच्या जुलमाने आमच्याकडची कित्येक हिंदू कुटुंबे घरदार टाकून बार्शी-सोलापूरकडे पळाली. फौज आल्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जो सूड उगवला गेला, त्याची चौकशी भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या समितीकडून करविली. सर्वांत अधिक प्राण गेलेल्या चार जिल्ह्यांत आमचा जिल्हा आहे. जाताना माणसांनी दागिने, नाणी, नोटा जमिनीत पुरल्या. काही परत आली, काही आली नाहीत. जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतीत सापडलेली नोट कुणी मला आणून दिली, म्हणजे ती ठेवणारा हिंदू होता की मुसलमान, हे नोट सांगत नाही. तिच्यावर चिखलाचा डाग एकाच रंगाचा असतो.

आणि आता सांगतो ती या सबंध संग्रहातली मला सर्वांत प्रिय गोष्ट. राज्य पडले, पण नोट पडली नाही. भारताच्या राजवटीत उस्मानिया सिक्क्याच्या नोटा पुढेही निघत राहिल्या. इतर संस्थानांना जे मिळाले नाही ते हैदराबादला काही वर्षे मिळाले. नोट तीच, फसली वळण तेच, पाच भाषा त्याच. बदलली ती सही. पोलिस कारवाईनंतरच्या नोटांवर सी. व्ही. एस. राव आणि डी. आर. प्रधान या अधिकाऱ्यांची नावे येतात. आणि शेवटी येतात डॉ. जी. एस. मेलकोटे. स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते, निजामाविरुद्धच्या चळवळीत झगडलेले डॉक्टर. १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री. इंग्रज ग्लान्सीपासून सुरू झालेली सह्यांची ओळ लोकांनी निवडून दिलेल्या माणसापाशी येऊन थांबली. कुणीही ढोल वाजविला नाही. एका कोपऱ्यातले अक्षर तेवढे बदलले.

यथावकाश हाली चलन मागे घेण्यात आले, ते त्याच जुन्या दराने, सात हालीस सहा रुपये. हे मला फार मोठे वाटते. जिंकलेल्या सरकारला असे म्हणता आले असते, की निजामाचे वचन निजामाने पाळावे. तसे झाले असते तर निजामाचे काही बिघडले नसते. बिघडले असते ते दळण-कांडण करून साठविलेल्या पाच रुपयांच्या मालकिणीचे. नव्या सरकारने जुन्या सहीचे देणे आपल्या शिरावर घेतले.

सर्वत्र असे होत नाही. आफ्रिकेतल्या घानाने १९६५ साली सेडी हे नवे चलन काढले, त्यावर क्वामे एन्क्रुमा यांचे चित्र होते. १९६६ च्या फेब्रुवारीत लष्कराने त्यांना पदच्युत केले, आणि वर्षभरातच, १९६७ साली, त्यांच्या चेहऱ्यावाचून नवी नोट आली. चेहरा छापला की चेहऱ्यावर राग निघतो. आमच्या नोटेवर चेहरा नव्हता, म्हणून कदाचित तिचे जाणे शांतपणे झाले.

सगळ्याच नोटा मात्र बँकेपर्यंत पोहोचल्या नाहीत. माझ्या आजीच्या बटव्यात पाच रुपयांच्या दोन हाली नोटा होत्या. मुदत संपत आली, घरातल्या माणसांनी परोपरीने सांगितले, तरी तिने त्या काढून दिल्या नाहीत. "त्या माझ्या बाळंतपणाच्या खर्चाच्या, वडिलांनी दिलेल्या," असे ती म्हणे. तिच्यामागे त्या माझ्याकडे आल्या आणि माझ्या वहीत पहिल्या दोन ओळी त्यांच्याच पडल्या. वहीत रकाने चार: किंमत, फसली साल, सही, आणि कुणाकडून मिळाली. तुळजापूरच्या यात्रेत, मोंढ्याजवळच्या भंगाराच्या दुकानात, जुन्या सराफांच्या नातवांकडे मी फिरतो. विक्रेता नोटेची घडी पाहतो, डाग पाहतो. मी आधी सही पाहतो. मेलकोटे यांची सही असलेली नोट अजून माझ्या वहीत नाही. तो रकाना मी मोकळा ठेवला आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानचे तुकडे होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले. निजामाच्या नोटा सांभाळणारी हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी मोठ्या स्टेट बँकेत विलीन झाली. ज्या उस्मानच्या नावाने सिक्का होता, त्याच नावाने आमच्या गावाला उस्मानाबाद म्हणत. २०२३ साली गाव आणि जिल्हा पुन्हा धाराशिव झाले. नाव बदलले म्हणून सात-बारा बदलला नाही, कुणाचे कर्ज बुडाले नाही, कुणाची ठेव गेली नाही. राज्ये येतात, जातात, गावांच्या पाट्या बदलतात. आधीच्याने जे देऊ म्हणून लिहून ठेवले, ते पुढच्याने दिले की नाही, एवढ्यावर सामान्य माणसाचे सुखदुःख ठरते. सरकार चांगले की वाईट, हे ठरविताना त्याची स्वतःची सही मी मागाहून पाहतो. आधी पाहतो, की दुसऱ्याच्या सहीला त्याने किती मान दिला.